कोंडलेले जंतू आणि हातावरची गाठ

पत्र : मॅडम, आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहतो. दोन खोल्या, पाच माणसं. माझे सासरे, म्हणजे मामा, यांना गेल्या महिन्यात टीबी निघाला. थुंकीत जंतू सापडले, औषधं चालू झाली, आता ताप उतरलाय. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझ्या हातावर सुई टोचली (कागदावर 'साय-टीबी' लिहिलंय), दोन दिवसांनी फुगवटा मोजला आणि पॉझिटिव्ह म्हणाले. एक्स-रे मात्र स्वच्छ. मला खोकला नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, "जंतू आत गेलेत, पण शरीरानं कोंडून ठेवलेत. आजार नाही. तरी बारा आठवडे गोळ्या घ्या." कोंडलेत तर गोळ्या कशाला? माझे मिस्टर टॉवेलच्या मागावर आहेत, ते निगेटिव्ह आले. एकाच घरात राहून असं कसं? आत्या (सासूबाई) विड्या वळतात, त्यांना शुगर आहे. त्या म्हणतात गोळ्या गरम पडतील, त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घे. नणंदेचं लग्न ठरतंय, ती म्हणते तू गोळ्या खाताना कुणी पाहिलं तर हिलाही टीबी आहे म्हणतील. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याचीच जास्त भीती वाटते.
(नाव छापू नये)

उत्तर :

ताई,

कोंडलेत तर गोळ्या कशाला, हा प्रश्न ओपीडीत मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मागे रांग असते, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की पटलेलं नाही. तुम्ही लिहून विचारलंत म्हणून आज सवडीनं सांगते.

आधी तुमच्या हातावरची ती गाठ घेऊ. सुईतून जे आत गेलं त्यात जंतू नव्हता, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. टीबीच्या जंतूकडे असतात तशी दोन प्रथिनं होती, तीही अगदी कणभर. टोचलं त्या संध्याकाळी तुम्हाला काही जाणवलं नसेल. दुसऱ्या दिवशी थोडी लाली, थोडी खाज. आणि दोन दिवसांनी बोट फिरवलंत तेव्हा कातडीखाली वाटाण्याच्या डाळीसारखं घट्ट काहीतरी लागलं असेल. त्यात पू नाही. तुमच्याच रक्तातल्या पेशी तिथं गोळा झाल्या आहेत. त्यातल्या मोजक्या टी-पेशींनी हे प्रथिन पूर्वी कुठंतरी पाहिलेलं होतं. त्यांना ओळख पटली, त्यांनी हाक दिली आणि बाकीच्या धावत आल्या. एवढी जमवाजमव व्हायला दोन दिवस लागतात, म्हणून तर तुम्हाला दोन दिवसांनी परत बोलावलं. ज्याच्या अंगात ही ओळखच नसते, त्याच्या हातावर काही उठत नाही.

म्हणजे बोटाला जे लागलं ती तुमच्या फुफ्फुसातल्या एका जुन्या प्रसंगाची आठवण आहे. तो प्रसंग असा.

मामा खोकत होते, औषध चालू व्हायचं होतं, तेव्हा त्यांच्या तोंडातून उडालेल्या थेंबांपैकी मोठे थेंब खाली पडले. बारीक थेंब हवेत सुकले आणि तसेच तरंगत राहिले. असा कण तुमच्या श्वासातून आत गेला. आपल्या नाकात, घशात, श्वासनळीत धूळ अडवायची चोख व्यवस्था आहे. श्वासनळीला आतून चिकट अस्तर असतं आणि त्यावर बारीक केसांसारखे तंतू सतत वरच्या बाजूला हलत असतात. तुमच्या मिस्टरांना मागावरून आल्यावर सकाळी जो कापसाचा बेडका पडतो, तो या तंतूंनीच वर ढकललेला असतो. पण टीबीचा कण त्या सुताच्या धुळीपेक्षा पुष्कळ लहान. तो या सगळ्यातून निसटतो आणि अगदी तळाशी, वायुकोशात जाऊन बसतो. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे तीस कोटींच्या वर वायुकोश आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू नुसता झिरपतो.

आता इथली झाडलोट कोण करतं हे समजून घ्या, कारण टीबीची सगळी गोम इथंच आहे. वायुकोशात भक्षक पेशी असतात. दिसेल तो कण गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचं काम. पण या पेशी स्वभावानं शांत असतात, आणि असाव्याच लागतात. आपण दिवसभर धूळ, धूर, तंबाखूची भुकटी, सूत असं काय काय ओढत असतो. प्रत्येक कणाला त्या भडकल्या, सूज आली, पाणी साचलं, तर त्या पातळ भिंतीतून प्राणवायू जाणारच नाही. म्हणून त्या गाजावाजा न करता गिळतात. टीबीचा जंतू नेमका या शांतपणाचा फायदा घेतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की या पेशी टीबीचा जंतू गिळतात आणि पहिले काही दिवस धोक्याची हाकच देत नाहीत.

एरवी गिळलेल्या जंतूचं काय होतं? पेशीच्या आत तो एका पिशवीत बंद होतो. दुसरी एक आम्लानं भरलेली पिशवी येऊन तिला मिळते आणि आतला जंतू विरघळून जातो. टीबीचा जंतू ही दुसरी पिशवी जवळ येऊच देत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखं चरबीचं जाड कवच आहे. तपासणीच्या वेळी काचेवर लाल रंग चढवून ती आम्लानं धुतली की बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. मामांच्या थुंकीची काच पाहिली असती तर निळ्या रंगावर बारीक लाल काड्या दिसल्या असत्या. इतकंच नाही. हा जंतू काही प्रथिनं सोडून त्या पिशवीलाच भोक पाडतो. गंमत बघा, साय-टीबीच्या सुईत जी दोन प्रथिनं असतात ती याच टोळीतली. टीबीवरची बीसीजीची लस बनवताना १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं एक जंतू प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवत नेला, तेव्हा त्याच्या जनुकांतला हा तुकडा गळून पडला आणि तो सौम्य झाला. म्हणून लहानपणी बीसीजी टोचलेल्या माणसाचा हातही या सुईला फुगत नाही. तुमची गाठ लसीमुळे उठली, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

तर ज्या पेशीनं मारायचं, तिच्याच पोटात जंतू राहायला लागला. आणि तो घाईत नसतो. पोट बिघडवणारा एखादा जंतू सोयीची जागा मिळाली की वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ वीस तास लागतात. हा सावकाशपणा त्याच्या पथ्यावर पडतो, कारण आपल्या शरीराला जाग येते ती आवाजानं.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे तुम्हाला माहीत आहे. जखमेतला मासला घेऊन काही पेशी जवळच्या गाठीत जातात आणि तिथं टी-पेशींना दाखवतात, "हा बघा, हा आत शिरलाय." छातीतही श्वासनळ्यांच्या फाट्यांजवळ अशाच गाठी आहेत. साध्या विषाणूचा निरोप तिथं लवकर पोचतो. टीबीचा निरोप पोचायलाच उशीर होतो, मग योग्य टी-पेशी निवडल्या जाणार, त्यांची संख्या वाढणार, त्या रक्तातून फुफ्फुसात येणार. माणसात या सगळ्याला दोन ते आठ आठवडे जातात. तोवर जंतूनं आपलं बस्तान बसवलेलं असतं.

पण एकदा टी-पेशी पोचल्या की चित्र पालटतं. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा संदेश सोडतात, आणि त्या शांत भक्षक पेशींच्या अंगात बळ येतं. अडून राहिलेली आम्लाची पिशवी आता जाऊन मिळते, जंतू मरायला लागतात. हा एक संदेश किती मोलाचा आहे ते काही दुर्मिळ बाळांवरून कळतं. जन्मतःच ज्यांच्या पेशींना तो ऐकू येत नाही, त्यांना साध्या बीसीजीच्या लसीतला सौम्य जंतूही अंगभर पसरून झोपवतो.

जे जंतू मरत नाहीत त्यांच्याभोवती मग कडं बांधलं जातं. मी रेसिडेंट असताना शवविच्छेदनातल्या एका फुफ्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, तो आजही डोळ्यासमोर आहे. मधोमध गुलाबी चुरा. पेशी मरून त्यांचा पनीर कुस्करल्यासारखा भुगा झालेला. त्याभोवती एकमेकींना चिकटून बसलेल्या भक्षक पेशी, जणू दाराला कुलूप नाही म्हणून माणसंच पाठ टेकून बसलीत. काही तर एकमेकींत मिसळून एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की एकीत वीस-वीस केंद्रकं, घोड्याच्या नालेसारखी कडेनं मांडलेली. आणि सगळ्यात बाहेर टी-पेशींचे गडद निळे ठिपके, दाट. तो माणूस टीबीनं गेला नव्हता. अपघातात गेला होता. त्याला आयुष्यभर पत्ताही नसेल की आपल्या छातीत हा पहारा चालू आहे.

तुमच्या डॉक्टरांनी 'कोंडून ठेवलेत' म्हटलं ते हे. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कापातच आहे. तिथं भिंत नव्हती, ताई. जिवंत पेशी होत्या. त्या मरतात, नव्या येतात, त्यांना रोज निरोप लागतो, अन्न लागतं. आत प्राणवायू कमी, खायला कमी, म्हणून जंतू जवळजवळ निपचित पडून राहतो. आणि निपचित जंतूला मारणं औषधालाही अवघड जातं, टीबीचं औषध महिनोन् महिने चालतं त्याचं एक मोठं कारण हे. बाहेरचा पहारा ढिला पडला की तो उठतो.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण 'जंतू अंगात आहेत' हे ऐकून तुमची झोप उडाली असेल. साय-टीबी पॉझिटिव्ह याचा पक्का अर्थ एवढाच की तुमच्या टी-पेशींना हा जंतू ठाऊक आहे. तो आज जिवंत आहे की पहिल्याच फेरीत सगळे मारले गेले, हे ती गाठ सांगू शकत नाही, दुसरी कुठली तपासणीही सांगू शकत नाही. माकडांच्या फुफ्फुसांचा बारकाईनं अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकाच प्राण्यात एका गाठीतले जंतू पार मेलेले असतात आणि दोन बोटं पलीकडच्या गाठीत वाढत असतात. जगातल्या साधारण चौथाई माणसांच्या टी-पेशींना हा जंतू माहीत आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीचे तुमच्यासारखेच धडधाकट राहतात. पण जे आजारी पडतात, त्यातले बहुतेक लागण झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत पडतात. तुमच्या घरात मामांचा टीबी गेल्या महिन्यात निघाला. म्हणजे तुमची ती दोन वर्षं आत्ता चालू आहेत. गोळ्या आत्ता घ्यायच्या त्या यासाठी. नीट पूर्ण घेतल्या तर आजाराचा धोका निम्म्याहून जास्त खाली येतो.

आता आत्यांच्या काढ्याबद्दल. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे शब्द औषधाच्या दुकानापासून मोबाइलवरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे झालेत आणि टीबीच्या बाबतीत ते चुकीच्या वाटेनं नेतात.

टीबीचा जंतू स्वतः फुफ्फुस फारसं खात नाही. मामांच्या एक्स-रेत वरच्या भागात पोकळी दिसली असेल. ती पोकळी त्यांच्याच पेशींनी पाडलेली आहे. कड्यातला लढा हाताबाहेर गेला, पेशींनी फुफ्फुसाचे धागे कापणारे रस सोडले, मधला भुगा पातळ झाला आणि श्वासनळीत फुटला. तिथं हवा आली आणि जंतू लाखांनी वाढला. त्यांच्या खोकल्यातून तो घरभर झाला तो असा. म्हणजे प्रतिकार कमी पडला तरी आजार, आणि भडकला तरी आजार.

ज्यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जगाला दाखवला, त्या रॉबर्ट कॉख यांनाच याचा चटका बसला. १८९० मध्ये त्यांनी जंतूपासून काढलेला अर्क टीबीवरचा इलाज म्हणून जाहीर केला. त्याचं नाव ट्युबरक्युलिन. गावोगावचे रोगी बर्लिनकडे धावले. टोचल्यावर त्यांच्या जुन्या गाठींभोवती प्रतिकार एवढा उसळला की ताप, दम, रक्ताच्या गुळण्या झाल्या, आणि काही जण दगावले. पुढं तोच अर्क कणभर कातडीत टोचून लागण ओळखायला वापरला जाऊ लागला. तुमच्या हातावरची सुई त्याच घराण्यातली आहे.

उलट बाजूही खरी आहे. संधिवातावर अशी इंजेक्शनं आहेत की जी टीएनएफ नावाचा संदेश बंद पाडतात. सांधे मोकळे होतात, पण ते कडं टिकतं याच संदेशावर. म्हणून ते इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. माझ्याकडे एक रिक्षावाले काका यायचे. एक्स-रेवर वीस वर्षांपूर्वीचा सुकलेला डाग, तब्येत ठणठणीत. गुडघेदुखीवर कुणीतरी पुड्या दिल्या, कागदात बांधलेल्या, नाव नाही गाव नाही. दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, गुडघा थांबला, आणि तिसऱ्या महिन्यात ताप सुरू झाला. पुडीत स्टिरॉइड असणार हे त्या गोल चेहऱ्यावरूनच कळलं. जुना डाग पुन्हा पेटला होता. आणि हेच स्टिरॉइड, मेंदूच्या आवरणाच्या टीबीत आम्ही टीबीच्या औषधांबरोबर स्वतःहून देतो, कारण तिथं प्रतिकाराची सूजच जीव घेते. तिथं त्याला थोपवल्यानं माणसं वाचतात.

म्हणून ताई, 'वाढवणं' हा शब्द सोडून द्या. तुमच्या पहाऱ्याला उपाशी ठेवू नका आणि त्याच्या कामात अडथळा आणू नका, एवढंच आपल्या हातात आहे. आलं-तुळशीचा काढा चवीला घ्या, पण गोळ्यांच्या जागी नको. आणि बाटलीवर नुसतं 'इम्युनिटी' लिहिलेलं, आत काय आहे ते न सांगणारं काहीही पोटात जाऊ देऊ नका. यकृताला गोळ्यांचं काम आहे, त्यावर अनोळखी भार नको. गोळ्या 'गरम पडत' नाहीत, पण काही त्रास होऊ शकतात, ते पुढं सांगते.

उपाशी ठेवू नका हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरांत एक मोठी पाहणी झाली. घरातल्या दहा हजारांवर माणसांपैकी निम्म्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि संसर्ग पसरवणारा फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळीनं! टी-पेशींची फौज वाढवायची तर प्रथिनं लागतात, ती हवेतून येत नाहीत. आपल्याकडे शेंगा आहेत, तूर आहे, हुलगा आहे, अंडी परवडतात. कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाताय तर ती चमचाभर न घेता वाटीभर घ्या, वर रोज दाट वरण. मामांना उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँकेत यायला हवेत (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते). आले नसतील तर आधार आणि पासबुक घेऊन औषध मिळतं त्या केंद्रातच विचारा. ते पैसे ताटात दिसू द्या.

मिस्टरांचं निगेटिव्ह. एका घरात राहूनही काही जणांच्या हातावर कधीच काही उठत नाही. त्यांच्या भक्षक पेशी टी-पेशींना न बोलावताच जंतूचा फडशा पाडत असाव्यात, असा एक अंदाज आहे आणि त्यावर बरंच संशोधन चालू आहे. पण तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत साधी शक्यताही आहे, की अवधाणापर्यंत निरोप पोचायचे ते दोन ते आठ आठवडे अजून संपलेले नाहीत. त्यामुळे निगेटिव्ह म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांनी गोळ्या घ्याव्यात का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. घरातल्या टीबीच्या संपर्कात सगळ्या वयांच्या माणसांना, आजार नाही याची खात्री करून, गोळ्या देता येतात. सुताच्या धुळीमुळे त्यांचा सकाळचा खोकला नेहमीचाच असेल. तो दोन आठवड्यांवर वाढला किंवा त्याचा रंग-ढंग बदलला, तर 'मागाचा खोकला' म्हणून सोडायचा नाही.

आत्यांची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते. रक्तातली साखर चढलेली असली की भक्षक पेशी सुस्तावतात, टी-पेशींना आणखी उशीर होतो, आणि नंतर येतात त्या नको इतक्या भडकून. मधुमेह असलेल्या माणसाला टीबी व्हायचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. त्यात मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीखाली तेंदूची पानं, असा त्यांचा दिवस. ती भुकटी दोन खोल्यांत सगळ्यांच्याच नाकात जाते. मामा स्वतः विडी ओढत असतील तर ती आजपासून बंद, यात तडजोड नाही. धुरानं श्वासनळीचे तंतू लुळे पडतात आणि काजळीनं पोट भरलेली भक्षक पेशी जंतूपर्यंत पोचत नाही. विड्या वळणं बंद करा असं मी आत्यांना सांगणार नाही, घर त्यावरही चालतं. पण वळायला दारात, ओट्यावर बसा, उजेडात आणि वाऱ्यात, आणि मुलगा त्या वेळी मांडीपाशी नको. त्यांचीही टीबीची तपासणी झाली का हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर हीच पहिली गोष्ट.

मुलाबद्दल. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत हे कडं नीट बांधलं जात नाही. जंतू रक्तात उतरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून या वयात आम्ही हातावरच्या गाठीची वाट बघत नाही. आजार नाही एवढं पाहिलं की गोळ्या सुरू. बीसीजी टोचलेली असेल तर तिचा त्याला मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगला आधार आहे, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. त्याचा डोस वजनावर ठरतो, तुमच्यातली गोळी मोडून द्यायची नाही. तो खेळत नसेल, वजन थांबलं असेल, मानेत गाठ लागत असेल, तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

तुमच्या बारा गोळी-दिवसांबद्दल आता मुद्द्याचं. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं आहेत, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. वार एकच ठरवा आणि भरल्या पोटी घ्या, जेवणाबरोबर रिफापेंटिन चांगलं लागू पडतं. सिद्धेश्वराचा सोमवार धरत असाल तर सोमवार नको, उपवासाच्या दिवशी या गोळ्या सोसत नाहीत. लघवी, घाम, डोळ्याचं पाणी नारिंगी होईल, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, भूक मेली, मळमळ थांबेना, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. हातापायांना मुंग्या आल्या तर सांगा, ब-६ जीवनसत्त्वाची गोळी असते. आणि हे बहुधा कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते: पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर या औषधानं त्यांचा भरवसा राहत नाही. ते तीन महिने आणि नंतर थोडे दिवस दुसरा उपाय वापरा. दिवस गेल्याची शंका असेल तर सुरू करण्याआधी सांगा, मग डॉक्टर वेगळं ठरवतील. आणखी एक, मामांच्या थुंकीच्या रिपोर्टवर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हे लिहिलेलं असतं. तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. जंतू दाद न देणारा असेल तर तुम्हा सगळ्यांच्या गोळ्या बदलतात.

नणंदेला सांगा की या गोळ्या टीबी न झालेल्या माणसाच्याच आहेत. टीबी झालेल्याला रोजचा कोर्स असतो, सहा महिन्यांचा, त्यात सुरुवातीला चार औषधं. आठवड्यातून एकदा जेवणानंतर घेतलेली गोळी लग्नघरात कुणाच्या नजरेत येत नाही, पण तिला ही भीती वाटते याचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. आणि मामांचं ताट वेगळं काढलं असेल तर परत मिसळा. भांड्यांतून, कपड्यांतून हा जंतू लागत नाही. औषध लागू पडत असलं की पहिल्या काही आठवड्यांतच संसर्ग झपाट्यानं उतरतो. १९५९ मध्येच मद्रासच्या संशोधन केंद्रानं दाखवून दिलं होतं की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या इतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना जास्त लागणही होत नाही. त्याआधी माणसं वर्ष-वर्ष घरापासून तोडली जायची. तुमच्या मामांना ती वेळ नाही. तूर्तास ते झोपतात त्या खोलीची खिडकी रात्रीही उघडी ठेवा आणि खोकताना तोंडावर कापड.

आत्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर काढून घ्या आणि तो आकडा मला कळवा. मुलाचं वजनही. पहिली गोळी कोणत्या वारी घेतलीत, तेही लिहा.